पाणी वाढवलं, मासे नाहीत

चार फुटी टाकी हॉलमध्ये लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण चपला काढून सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि थोड्या वेळाने विचारतो, "एवढी मोठी टाकी आणि मासे एवढेच?" हो, एवढेच. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा आणि एक क्लीनर कोळंबी. दोन फुटी टाकीत होते तेच. टाकी मोठी केली ती पाणी वाढवण्यासाठी. हे मी इतक्यांना सांगितलंय की आता धाकटा पाहुण्यांना माझ्या आधीच ऐकवून टाकतो, तेही माझ्याच आवाजात.

खाऱ्या पाण्याच्या टाकीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं. नदी-तळ्यातला मासा बदलाला सरावलेला असतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, उन्हाळ्यातलं कोमट, थंडीतलं गार, सगळं त्याने पाहिलेलं असतं. प्रवाळाच्या खडकावर राहणाऱ्या जिवांना ही सवय नसते. त्यांना पाण्यात हजारी ३५ भाग क्षार आणि २४ ते २७ अंश तापमान लागतं, आज लागतं तेवढंच उद्याही लागतं. माझ्या जुन्या टाकीत दगड-वाळू वजा जाता ११० लिटर पाणी होतं. एवढ्याशा पाण्याचा स्वभाव छोट्या पातेल्यातल्या दुधासारखा, पाठ फिरवली की उतू गेलंच. मे महिन्यात त्यातलं दोन लिटर पाणी दिवसाला सहज उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. एखाद्या लग्नासाठी दोन दिवस पुण्याला जाऊन यावं, तर तोवर ३५ चे ३६ च्या वर गेलेले असायचे.

आता खालचा संप, म्हणजे पाणी गाळायला टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी, धरून साडेचारशे लिटर आहे. पाणी चौपट झालं म्हणून सगळं चौपट सोपं झालं असं मात्र समजू नये. पाण्याबरोबर उघडा पृष्ठभागही वाढतो. आधी तीन चौरस फूट होता, आता आठ आहे, आणि उन्हाळ्यात दिवसाला पाचेक लिटर पाणी उडतं. म्हणजे खारटपणाच्या बाबतीत फायदा दुपटीच्याही आत. खरा फायदा आहे तो तापमानात आणि अमोनियात, म्हणजे सडण्यातून पाण्यात उतरणाऱ्या विषात. दगडाच्या मागे एखादी गोगलगाय मरून सडली तर ११० लिटरमध्ये संध्याकाळपर्यंत कोरल, म्हणजे प्रवाळ, मिटायला लागतात. साडेचारशे लिटरमध्ये तोच अमोनिया पाव होतो आणि दगडांवरचे जिवाणू तो गुपचूप पचवून टाकतात. मोठ्या टाकीत बिघाड सावकाश येतो. त्याची दुसरी बाजू अशी की दुरुस्तीही सावकाशच होते. पूर्वी दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे एक बादली भरली की झालं. आता तेवढ्यासाठी ४५ लिटर मिठाचं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवावं लागतं.

नाशिकच्या हवेबद्दल सगळ्यांनीच मला घाबरवलं होतं. थंडीत पारा दहाच्या खाली, एप्रिलमध्ये चाळिशीला, इथे समुद्र कसा टिकणार? मुंबईच्या एका दुकानदाराने तर टाकीचं माप विचारायच्या आधीच पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत सांगितली. मी वहीत गणित मांडलं. साडेचारशे लिटर खारं पाणी एक अंशाने तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. उलट त्या टाकीतलं एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर जाताना सव्वा अंशाहून थोडी जास्त उष्णता घेऊन जातं. म्हणजे पाणी उडणं ही एरवी जी कटकट आहे, तीच उन्हाळ्यात फुकटची गारवा यंत्रणा आहे. अट एकच, हवा कोरडी हवी. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने फार काही साधत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धुतलेली चादर तासाभरात कडक होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असे दोन छोटे पंखे लावले, ते तापमान-नियंत्रकाला जोडले, आणि चिलर घेतला नाही. पावसाळ्यात हवा दमट होते, पंखे निकामी ठरतात, पण तेव्हा गरमीही नसते. उडालेल्या पाण्याची भर घालायला पातळी उतरली की आपोआप चालू होणारा फ्लोट सेन्सरचा छोटा पंप आहे, तो शेजारच्या डब्यातलं बिनमिठाचं पाणी थोडं थोडं सोडत राहतो. हा पंप नसेल तर पंख्यांच्या भानगडीत पडू नये.

थंडीचं उत्तर त्याहून सोपं. ४०० वॅटचा एक हीटर घेण्याऐवजी २०० वॅटचे दोन घ्यायचे. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो. मोठा एकटा अडकला तर टाकीचं सूप होतं. लहान अडकला तर पाणी हळूहळू चढतं, तोवर आपलं लक्ष जातं. निफाडला माझ्या नणंदेची द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. भाचा हीटर बघून म्हणाला, "मामी, तुमचं बरंय, तुमची बाग हॉलमध्ये आहे."

वजनाचं प्रकरण मात्र मी वहीत सोडवलं नाही. चार बाय दोन बाय दोन फूट म्हणजे काठोकाठ ४५३ लिटर. बारा मिलिमीटर काचेचं वजनच नव्वद किलोच्या घरात. त्यात पाणी, दगड, वाळू, लोखंडी स्टँड, असं सगळं मिळून सातशे किलो, आणि ते पाऊण चौरस मीटर जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. हा आकडा ऐकून लोक एकतर घाबरतात किंवा "काही होत नाही हो" म्हणतात. दोन्ही चूक. तो भार अख्ख्या खोलीभर पसरलेला धरलेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त वजन आलं की लगेच स्लॅब खाली येतो असं नाही. पण ते वजन कुठे येतंय, खाली बीम कुठून गेलाय, हे बघणाऱ्याने बघायलाच हवं. आमचं घर इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, बिल्डिंगचे नकाशे दाखवले. त्याने हॉलच्या मधोमध, सोफ्याच्या समोर, अशी जी माझी आवडती जागा होती ती तिथल्या तिथे बाद केली. बाहेरच्या भिंतीलगत, बीमच्या बरोबर वर, लांब बाजू भिंतीला टेकवून ठेवा म्हणाला. पुस्तकांचं कपाट त्या भिंतीवरून हलवायला लावलं, ते आता बेडरूममध्ये आहे आणि नवरा त्याबद्दल अजून बोलतो.

त्यानंतर खालच्या काकू. त्या स्वतःहून वर आल्या, टाकीच्या जागेकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, फुटलं तर माझ्या दिवाणावर येईल ना गं सगळं?" प्रश्न अगदी रास्त. मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. टाकी फुटण्यापेक्षा जास्त शक्यता असते ती वीज गेल्यावर संप वाहण्याची. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी, एरवी संपमधून वर चढवणाऱ्या रिटर्न पाइपमधून उलटं खाली उतरतं. पाइपचं तोंड जितकं खोल, तितकं जास्त पाणी. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जरासंच खाली ठेवायचं, त्याच्या वर हवा शिरायला बारीक छिद्र पाडायचं, आणि उतरलेलं सगळं पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी ठेवायची. काकूंना आकृती कितपत पटली माहीत नाही, पण टाकी भरल्यावर त्यांनाच बोलावलं आणि त्यांच्याच हाताने मेन स्विच बंद करायला लावला. पाणी संपच्या काठाखाली चार बोटं थांबलं. "बरं," एवढंच म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आल्या.

स्टँड अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. चौकोनी एमएस पाइप, वर पावडर कोटिंग. खारं पाणी लोखंडाला खातं, त्यामुळे कोटिंग मारायच्या आधी प्रत्येक वेल्डिंगचा सांधा घासून घेतलाय की नाही ते मी स्वतः जाऊन बघितलं. त्याला आधी हसू आलं. मग त्याने विचारलं, "मॅडम, लॅबचं काम आहे का?" लॅब माझी नाशिकरोडला आहे, रक्त-लघवी तपासणीची, पण हे काम तिथलं नव्हतं. टाकी मुंबईहून टेम्पोने कसारा घाट चढून आली. जिन्यातून वर चढवायला सहा माणसं लागली, आणि वळणावर प्रत्येकाने वेगळी सूचना दिली. स्टँडची पातळी गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीने बघितली, मोबाइलमधल्या ॲपवर विश्वास ठेवला नाही. वर प्लाय, प्लायवर थर्माकोलची शीट, मग टाकी. काचेखाली वाळूचा एक खडा राहिला तरी तिथे ताण येतो.

आधी साधं नळाचं पाणी भरून तीन दिवस ठेवलं, गळती बघायला. ते पाणी काढायच्या दिवशी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या रांगेत मांडून ठेवल्या होत्या. "मिठाचं व्हायच्या आधी द्या," म्हणाल्या.

खारं पाणी करणं हे कंटाळवाणं काम. आपल्याकडे येतं ते गंगापूर धरणाचं, पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि विरघळलेले इतर क्षार असतात. शेवाळाला ते सगळं खाद्य. त्यामुळे आरओ फिल्टर आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणायचा. आरओ एक लिटर चांगलं देताना दोन-तीन लिटर टाकून देतो. साडेचारशे लिटरसाठी हजाराच्या वर लिटर वाया घालवणं मला जमणारं नव्हतं, म्हणून घाई केली नाही. रोज थोडं थोडं पाणी निळ्या ड्रममध्ये साठवलं, आणि आरओचं टाकाऊ पाणी फरशी, फ्लश, गाडी धुणं आणि कुंड्या यांत संपवलं. मीठ लिटरला साधारण ३६-३७ ग्रॅम लागतं, म्हणजे एकूण सोळा-सतरा किलो. हे खायचं मीठ नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं मोजून घातलेलं असतं. ड्रममध्ये पंप आणि हीटर लावून चोवीस तास फिरू द्यायचं, मगच मोजायचं.

मोजमापाबद्दल माझ्या धंद्यामुळे मी जरा जास्त बोलते, पण ऐका. लॅबमध्ये लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. तो घरी आणून टाकीला लावायचा मोह मला होणं साहजिक होतं. त्याची पट्टी लघवीसाठी आखलेली असते, समुद्राच्या पाण्यासाठी ती चालत नाही. समुद्रासाठीचा वेगळा घ्यावा आणि तो साध्या पाण्याने शून्यावर लावून थांबू नये, ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासावा. शून्यावर बरोबर असलेलं उपकरण ३५ वर दोनाने चुकू शकतं. कॅलिब्रेशन न केलेल्या उपकरणाचा आकडा लिहून ठेवणाऱ्यांना मी नोकरीवर ठेवत नाही, मग घरात तरी का चालवून घेऊ? आल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, थेंब-थेंब रसायन घालून रंग बदलेपर्यंत मोजतात. तो माझा रविवार सकाळचा विरंगुळा आहे, आणि घरात बाकी कोणाला तो विरंगुळा वाटत नाही.

आता कोरलबद्दल, कारण पाहुण्यांचा दुसरा प्रश्न असतो, "हे कायदेशीर आहे का?" चांगला प्रश्न. भारतातले सगळे हार्ड कोरल, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ मध्ये ते तिथे आले. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा हेही त्यातच. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. हार्ड कोरल बाहेरून आले तरी ते सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यांना परवान्याची कागदपत्रं लागतात. "इम्पोर्टेड आहे मॅडम" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे मी कागद मागितले, तर तो मला दुसरं काहीतरी दाखवायला लागला. माझ्या टाकीत म्हणून फक्त झोआंथिड, मशरूम, लेदर आणि झेनिया हे खडक न बांधणारे मऊ प्रकार आहेत, आणि दगड भट्टीतले सिरॅमिकचे. हार्ड कोरल मी मालवणला पाण्यात तोंड घालून बघितलेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात प्रवाळ आहे हे अर्ध्या नाशिकला माहीत नसतं. तिथे बघावेत, तिथेच राहू द्यावेत. सॉफ्ट कोरलची टाकी म्हणजे दुय्यम, असं मानणारी मंडळी आहेत. त्यांनी झेनियाचे हात उघडझाप करताना दहा मिनिटं बघावेत, मग बोलू.

क्लाउनफिशही टाकीत जन्मलेले घेतले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनफिशचं प्रजनन केव्हाच जमवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं काही कारण उरलेलं नाही. पैदाशीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो. जोडीतला मोठा तो मादी. ती गेली तर उरलेला नर स्वतः मादी होतो. हे मी हळदीकुंकवाला सांगितलं तेव्हा बराच वेळ दुसरा विषयच निघाला नाही.

जुन्या टाकीतलं सामान नव्या टाकीत हलवण्याच्या दिवसाबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगते, हातमोजे. झोआंथिड आणि त्यांच्या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, आणि निसर्गातल्या अतिशय जहाल विषांत ते मोजलं जातं. बोटाला कापलेलं असताना हाताळू नये, तोंडावर पाणी उडू देऊ नये, आणि दगड साफ करायला उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नये. वाफेतून विषबाधा होऊन घरंच्या घरं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. मी लॅबचे नायट्राइल मोजे आणि गॉगल घातले, धाकट्यालाही घालायला लावले. तो आरशात जाऊन स्वतःचे फोटो काढून आला.

क्रम असा ठेवला. आधी जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी काढून घेतलं, मग दगड आणि कोरल हीटर-पंप लावलेल्या ड्रममध्ये, मासे सर्वांत शेवटी. दगड निघाले की माशांना लपायला जागा उरत नाही, जाळीने छळावं लागत नाही. जुनी वाळू घेतली नाही. तळाशी जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे काळा थर झाला होता. तो उकरल्यावर सडक्या अंड्यांचा वास सुटला, तो हायड्रोजन सल्फाइडचा. ती वाळू नव्या टाकीत टाकणं म्हणजे साठलेली घाण एका दमात पाण्यात सोडणं. लोक जुनं पाणी जपतात आणि दगड सुकू देतात, खरं तर उलट करायला हवं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते दगडाला चिकटलेले असतात. दगड ओला राहिला तर सगळं राहिलं.

नंतरचं सगळं अपेक्षेप्रमाणे. दिवे तीस टक्क्यांवर ठेवले आणि दर आठवड्याला थोडे वाढवले, कारण कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ एकदम आलेला उजेड सोसत नाही. नव्या वाळूवर तपकिरी बुरशीसारखा थर आला. ते डायटम, नव्या टाकीत येतात आणि जातात. नवऱ्याला वाटलं, पैसे पाण्यात गेले. तसे ते गेलेच आहेत म्हणा. पंप, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) आणि दिवे मिळून दिवसाला चार युनिटच्या आसपास जातात, हीटरचं वेगळं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतलाय, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त दोन वेव्ह पंप चालतात, बाकी सगळं बंद. चाळीस वॅटवर ते दिवसभर सहज चालतात. अशा वेळी टाकीला सर्वांत आधी कमी पडतो तो ऑक्सिजन, आणि त्यासाठी वरचं पाणी हलतं राहिलं की पुरतं.

धाकट्याला आता निळा टँग हवाय. तो मासा वाढून फूटभर होतो आणि दिवसभर सरळ रेषेत पोहतो, त्याला चार फूट म्हणजे गल्ली. मी नाही म्हटलं तर म्हणाला, "मग सहा फुटी घेऊया." बीम किती लांब आहे ते इंजिनिअरला विचार, असं सांगितलंय. त्याने खरंच फोन लावला.

जुनी दोन फुटी टाकी स्टोअररूममध्ये विलगीकरणासाठी आहे. यापुढे येणारा प्रत्येक मासा आधी तिथे राहील. औषधात तांबं असतं, ते मुख्य टाकीत गेलं तर कोळंबी मरते, म्हणून उपचार तिथेच.

झोआंथिड नव्या दिव्यांखाली भराभर पसरतायत, दर काही आठवड्यांनी तुकडे कापावे लागतील. नाशिकमध्ये कोणाची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू असेल तर न्यायला या, पैसे नकोत. झाकणाचा डबा, स्वतःचे हातमोजे आणि तुमच्या टाकीचा खारटपणाचा ताजा आकडा घेऊन या. आकडा कोणत्या उपकरणाने घेतला, तेही मी विचारणार आहे.